बोटीत बसलेली आई

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी शपथा घेत बसणार नाही. माझ्या सख्ख्या आईची गोष्ट आहे, खोटं सांगून मला काय मिळणार?

आणि रात्र वगैरे नव्हती. गेल्या जानेवारीतली भर दुपार होती. लख्ख ऊन.

मी अस्मिता. दुबईत अल मनखूलला राहते. माझा धाकटा भाऊ उल्हास सिलिकॉन ओएसिसला. त्याची बायको हेमा, मुलगा तनिष. बाबा गेल्यापासून आई त्यांच्याकडेच.

आईच्या तोंडाचा पट्टा म्हणजे... विचारूच नका. हेमाचा स्वयंपाक अळणी, उल्हास बायकोच्या ताटाखालचं मांजर, मी तर वायाच गेलेली. उठल्यापासून झोपेपर्यंत चालू. शेवटी हेमाने सांगून टाकलं, "एक तर त्या राहतील, नाहीतर मी."

ठरलं. आईला पुण्याला पाठवायचं. एकटीला.

आणि त्याआधी म्हणे फॅमिली क्रूझ. मनाला टोचत होतं ना उल्हाससाहेबांच्या!

आईला सगळं कळलं होतं. "बोकडाला कापायच्या आधी हार घालतात, तसं चाललंय," जहाजाच्या जिन्यातच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अबू धाबीच्या पुढे एका बेटापाशी जहाज थांबलं. छोट्या बोटीतून आम्हाला किनाऱ्यावर नेलं. तिथे मोती काढणाऱ्यांचं जुनं गाव होतं, अगदी पाण्याला लागून. प्रवाळाच्या दगडांच्या भिंती. छपरं कधीच गेलेली. विहिरीचं पाणी खारट झालं म्हणून लोक सोडून गेले, असं आमचा गाईड इद्रीस सांगत होता.

"इट्स लाइक द मायन रुइन्स!" तनिष ओरडला. "बट टायनी!"

"पडकी घरं बघायला एवढ्या लांब आणलंत होय रे मेल्यांनो?" आई.

तिचे गुडघे दुखत होते. एका घराच्या आत भिंतीची सावली होती, तिथे ती जाऊन बसली.

"जा तुम्ही. मला टाकायचीच आहे ना? मग इथेच टाका."

"बरं होईल," हेमा पुटपुटली. उल्हासने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आम्ही पुढे गेलो. भिंतीपलीकडून आईची बडबड ऐकू येत होती. हेमाच्या माहेरापर्यंत पोचली होती ती.

मग...

बडबड थांबली.

मध्येच. अर्ध्या वाक्यात.

तुम्हाला सांगते, आई कधी अर्ध्या वाक्यात थांबत नाही. मी पळत मागे गेले.

घरात कोणी नव्हतं.

एकच खोली. एकच दार, ज्यात मी उभी होते. खाली वाळू, आणि वाळूत आई बसली होती तेवढाच खळगा.

"आई?"

काहीच नाही. समुद्राचा आवाजसुद्धा नाही. इतक्या जवळ समुद्र, आणि आवाज नाही...

तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला.

"चल ना गं बाळा. सगळे वाट बघत असतील."

आई होती. तीच साडी, तोच चष्मा. छान हसत होती.

बाळा? जन्मात कधी तिने मला बाळा म्हटलं नव्हतं. मी तिच्यासाठी अस्मे. फार तर अस्मे भवाने.

बोटीत ती माझ्या आणि तनिषच्या मध्ये बसली. गुडघ्यांबद्दल चकार शब्द नाही. हेमाला म्हणाली, "दमलीस का गं?" हेमा बघतच राहिली.

बोट किनाऱ्यापासून सुटली. आणि गावातून आवाज आला...

"उल्ह्या!"

मी वळून गावाकडे पाहिलं.

"अरे मेल्या, खरंच टाकून चाललास? अस्मे... थांबव त्याला!"

माझ्या आईचा आवाज. तसाच खरखरीत, तसाच चिडलेला. फक्त शेवटी कापत होता.

आणि आई माझ्या शेजारी बसली होती.

"हू इज शाउटिंग?" तनिषने विचारलं.

आईची साडी नेसलेल्या त्या बाईने त्याच्या कानावर अलगद हात ठेवला. "वारा आहे रे राजा."

मी उठून किंचाळले, "बोट थांबवा!" उल्हासने माझं मनगट धरलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, आई इथे बसली आहे. बघ." मग इद्रीसकडे वळून म्हणाला, "यल्ला भाई, चलो."

तो आवाज बराच वेळ येत होता. नंतर इंजिनात बुडून गेला.

आईचं पुण्याचं तिकीट रद्द झालं. आता घरात भांडण नाही. जहाजावरचा पांचट चहासुद्धा तिने "छान आहे" म्हणून प्यायला होता, आता हेमाचं सगळंच छान असतं. रात्री घोरत नाही. मी एकदा तिथे झोपले होते तेव्हा कान लावून ऐकलं... श्वाससुद्धा ऐकू येत नाही. हेमा मैत्रिणींना सांगते, क्रूझने सासूबाईंचा स्वभावच बदलला.

मागच्या महिन्यात मी उल्हासला पार्किंगमध्ये गाठलं. स्पष्टच विचारलं. "तूही ऐकलंस ना?"

त्याने गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं.

"ऐकलं. मग काय करायला हवं होतं? दोघींना आणायचं होतं का?"

मी जायला वळले.

"ही बरी आहे ना ताई," तो हळूच म्हणाला. "राहू दे ना."

मी दोनदा चौकशी केली. त्या बेटावर क्रूझशिवाय कोणी नेत नाही म्हणे. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाते. ती माझ्या केसांना तेल लावते, दिवस कसा गेला विचारते. तिचा हात गार असतो. आणि लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटतं.

तिकडे माझी आई भर उन्हात आमच्या नावाने बोटं मोडत बसली असेल. मोडू दे. आम्ही त्याच लायकीचे आहोत.