तळ्याकाठी कुणीच नव्हतं

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण घडलं ते असंच घडलं. जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी नणंद आहे, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नव्हती. हिवाळ्यातली दुपार होती, चहाच्या आधीची. जागा म्हणजे एका वृद्धाश्रमातली कोपऱ्यातली खोली. पडदे ओढलेले, मधे चार खुर्च्या.

ताई तिथे थेरपिस्ट आहे. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शेवटपर्यंत तिनेच सांभाळलं.

आश्रमातले लोक तिला चष्मावाली म्हणायचे, कारण ते व्हीआरचे हेडसेट तिच्या ताब्यात असायचे. डोळ्यांवर बांधला की माणूस बसल्या जागी दुसरीकडेच जाऊन पोचतो. मान वळवाल तिकडे तेच जग. या माणसांना रोज त्याच भिंती, तेच गुडघे, त्याच गोळ्या. त्यांना काहीतरी अफाट दाखवायचं, इतकं की बघताना घटकाभर स्वतःचं दुखणंच विसरायला व्हावं, असा तो प्रयोग होता.

आणि तो लागू पडायचा. तिथे एक घड्याळजी होते, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले, सदा कुरकुरणारे. पहिल्यांदा चष्म्यातून डोंगरातलं एक तळं पाहिलं आणि चष्मा हळूच काढून ठेवला. मग शेजारच्याला म्हणाले, "इकडे सरका, उन्हात बसा." त्यांनी कुणाला जागा करून दिलेली तोवर कुणी पाहिली नव्हती.

तळ्याची फिल्म सगळ्यांच्या आवडीची. चहूकडे बर्फाचे कडे, मधे काळंनिळं पाणी. हळूहळू उजाडतं आणि एकेक शिखर पेटत जातं.

माणूस नाही. पाखरू नाही. फक्त वारा.

ताईला ती फिल्म पाठ होती. तिच्यात कुणीच नाही.

आता आईंबद्दल सांगायला हवं.

शेवटी शेवटी आईंना कुणाची ओळख उरली नव्हती. मला त्या नर्स समजायच्या, स्वतःच्या मुलाला घरमालक. आम्ही ते हसण्यावारी न्यायचो. ताईला ते जमायचं नाही. ती समोर बसून घास भरवायची, आणि आई तिलाच विचारायच्या, "बाई, माझी मुलगी दिसली का हो तुम्हाला?"

"आई, मीच आहे ना."

आई तिला नीट निरखायच्या. मग ओशाळून म्हणायच्या, "नाही हो. तुम्ही दुसऱ्या कुणी."

एका संध्याकाळी त्या मुलीला शोधायला एकट्याच बाहेर पडल्या. अंगात सासऱ्यांचा जुना स्वेटर, बटणं वरखाली लागलेली. एकाच पायात चप्पल. सापडल्या, पण गारठा छातीत बसला होता. हॉस्पिटलात ताईचा हात धरूनच गेल्या, आणि जातानाही त्या तोच प्रश्न विचारत होत्या.

ताई लगेच कामावर गेली. तिकडे कुणाला काही बोलली नाही. आश्रमातल्यांना कशाला मरणाच्या बातम्या, असं म्हणाली.

त्या दुपारी घड्याळजींनी चष्मा काढला आणि विचारलं, "आज ती बाई कोण होती?"

"कुठे, आजोबा?"

"तळ्याकाठी. पुरुषाचा स्वेटर घातलेली."

ताईने हातातल्या टॅब्लेटकडे पाहिलं. चष्म्यात जे दिसतं तेच त्यावर दिसतं. काठ रिकामा होता.

"सावली असेल."

"सावलीला बटणं असतात का? वरखाली लावली होती तिने."

ताई चष्मा पुसत होती. तिचा हात थांबला...

तिने मनाची समजूत घातली. म्हातारा माणूस, डोळे थकलेले. असं होतं.

मग काही दिवसांनी एका आजींनी चष्मा काढला तो रागारागातच. "त्या बाईला चप्पल द्या गं कुणीतरी. एकच पाय झाकलाय. बर्फात चालतेय बिचारी."

आणि त्यानंतर कान गेलेले एक आजोबा. त्यांना फिल्ममधला वारासुद्धा ऐकू यायचा नाही. ते चष्मा मांडीवर ठेवून बसून राहिले.

"काय झालं, आजोबा?"

"ती विचारत होती..."

"काय?"

"माझी मुलगी दिसली का, म्हणाली."

त्या संध्याकाळी ताई थेट आमच्याकडे आली. चपला न काढता सोफ्यावर बसली. सगळं ऐकून माझा नवरा म्हणाला, "तूच कधीतरी बोलून गेली असशील त्यांच्यापाशी."

"मी त्यांना आई गेल्याचंही सांगितलेलं नाही," ताई म्हणाली. "स्वेटरचं तर तुम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक आहे?"



ती घाबरली होती का? नाही. मला वाटलं होतं घाबरेल. पण तिला दुसरंच काहीतरी खात होतं. ती म्हणाली, "सगळ्यांना दिसते. परक्यांना दिसते. मग मला का नाही?"

सगळे चहाला गेले की ती एकटी खोलीत थांबायची. चष्मा बांधायची. वारा. पाणी. उजाडत जाणारी शिखरं. ती गोल गोल फिरून शोधायची, हाका मारायची.

काठावर कुणीच नसायचं.

रोज तेच. ज्या देखाव्याने बाकीच्यांचे डोळे भरून यायचे, तो आता तिला बघवत नव्हता.

हे कळलं ते आश्रमातल्याच ऑपरेटरबाईंना. त्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तोंडाने फटकळ, पण ताईवर जीव. एक दिवस चहा सोडून त्या ताईच्या मागोमाग खोलीत आल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. "दे इकडे एक चष्मा. उभा जन्म लोकांचे फोन जोडून दिलेत मी. बघू, हा लागतो का."

दोघींनी चष्मे बांधले. फिल्म सुरू झाली.

बराच वेळ नुसता वारा...

"आहे?" ताईने विचारलं.

"थांब."

आणखी थोडा वेळ.

"आहे गं."

"कुठे?"

"तुझ्या पुढ्यात."

ताईच्या पुढ्यात पाणी होतं. नुसतं पाणी.

"पुढ्यात म्हणजे?"

"अगदी हाताला लागेल इतकी जवळ. तू निळ्या ड्रेसमध्ये उभी आहेस आणि ती तुझ्या तोंडाकडे बघतेय."

त्या चष्म्यात शेजारचा माणूस दिसत नाही. दिसूच शकत नाही. आणि ताई उभी नव्हती, खुर्चीत बसली होती.

"काय म्हणतेय?"

"तुलाच विचारतेय, मुलगी दिसली का म्हणून. तू बोलत नाहीस, म्हणून परत परत विचारतेय."

"मला ऐकू येत नाहीये, मावशी. तिला सांगा, मीच आहे. सांगा ना."

ऑपरेटरबाईंनी सांगितलं. त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. नोकरीतला असावा. सावकाश, एकेक शब्द सुटा.



"काय म्हणाली?"

"जाऊ दे."

"मावशी, सांगा."

"ही नव्हे, म्हणते. माझी लहान आहे. दोन वेण्या घालते."

ताईने हात पुढे केला. त्या रिकाम्या खोलीत, रिकाम्या हवेत. तसाच धरून ठेवला.

"धरला गं तिने," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "गारठलाय म्हणते हात. स्वेटर काढतेय अंगातला... तुला घालतेय. घाला हो बाई, म्हणते, तुमचीही कुणी वाट बघत असेल घरी."

ताई मला नंतर म्हणाली, "खांद्यावर काहीतरी जाणवेल म्हणून मी श्वास धरून बसले होते. भार नाही, ऊब नाही. काहीसुद्धा नाही गं."

त्यानंतर तिने चष्मा डोळ्यांना लावला नाही. इतरांना मात्र दाखवत राहिली. तिचं कामच होतं ते.

आणि मग एका दुपारी घड्याळजी चष्मा काढून हसले. घड्याळजी हसले, म्हणून सगळे बघायला लागले.

"सापडली हो ती," ते म्हणाले.

"कोण?"

"त्या बाईची मुलगी. हात धरून घेऊन चालली होती तिला. एवढीशी पोर. दोन वेण्या. उड्या मारत चालली होती."

"कुठे गेल्या?"

"तळ्याच्या पलीकडे, कड्यांकडे. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही दोघींनी."

त्यानंतर तिथे कुणाला काही दिसलं नाही. ऑपरेटरबाईंनी मुद्दाम दोनदा पाहिलं. नुसता वारा, म्हणाल्या.

ताई आमच्याकडे येऊन पोटभर रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. रडता रडताच म्हणाली, "ती मुलगी कोण गं? मी तर इथे आहे." मग जेवली आणि लहान मुलासारखी गाढ झोपली. सुटली बिचारी, असं मला वाटलं.

मला वाटलं.

एका रविवारी माझा नवरा आमच्या मुलांना सांगत होता, तुमची आत्या लहानपणी, दोन वेण्या घालायची तेव्हा, छतावर पतंग काढायला चढली आणि उतरताच येईना. ताई हसत ऐकत होती. मग म्हणाली, "मी? कधी?"

आम्हाला वाटलं चेष्टा करतेय.

मग एकेक ध्यानात येत गेलं. शाळेतल्या बाई आठवत नाहीत. जुनं घर आठवत नाही. आई तरुण असताना कशा दिसायच्या, तेही नाही. बाकी सगळं लख्ख. आश्रमातल्या कोणाला कुठली गोळी, माझ्या मुलांचे वाढदिवस, सगळं तोंडपाठ. डॉक्टरांनी डोक्याच्या सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही.

आईंचाच आजार तर नाही ना, असं माझा नवरा विचारत राहतो. तसं असतं तर आत्ताचं विसरली असती, जुनं राहिलं असतं. आईंचं तसंच झालं होतं. मी त्याला असं सांगते. मग तो विचारतो, "मग हे काय आहे?"

ताईच्या हनुवटीवर एक जुना व्रण आहे. परवा जेवताना ती त्यावरून बोट फिरवत होती. "हे मला कधी लागलं रे?" तिने भावाला विचारलं.

त्याने सांगितलं. झोक्यावरून पडलीस, टाके पडले, आईने तुला उचलून पळत दवाखान्यात नेलं. ताई मन लावून ऐकत होती. शेजारच्या घरातली हकीकत ऐकावी तशी.

"खूप रडले असेन ना मी?" तिने विचारलं.

तो ताटावरून उठला. मी पाण्याचा तांब्या भरायला म्हणून आत गेले, आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.