संत्र्याखालची ऊब

नाताळच्या आदल्या सकाळी पापांच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती आणि पंखा चालू होता. मी आणि माझा नवरा रेमिहिओ मक्याची भिजवलेली पानं पुसून त्यांवर पीठ थापत होतो. नाताळला पानात गुंडाळून वाफवलेले तमाले झालेच पाहिजेत, आणि सासूबाई गेल्यापासून ते करायला आम्ही सान अंतोनिओहून खाली किनाऱ्यावरच्या पोर्ट आन्सेल्मोला येतो. पापा, म्हणजे माझे सासरे निकानोर, मांसाचं सारण भरत होते आणि भरता भरता निम्मं खात होते. आमची सात वर्षांची लेक आब्रिल अंगणात अनवाणी खेळत होती.

"पापा, यंदा आमच्याबरोबर चला," रेमिहिओ म्हणाला.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी. खोली रिकामीच आहे."

"तुमच्या घरातून समुद्र दिसतो का?"

"नाही."

"मग कसलं घर ते! आणि पीठ किती जाड थापतोयस. तुझी आई असती तर पळी घातली असती पाठीत."

दरवर्षी हे बोलणं इथेच संपायचं. पण गेल्या उन्हाळ्यात पापा न्हाणीघरात पडले आणि शेजारच्या मिस थूईंना हाक ऐकू जाईपर्यंत तसेच फरशीवर पडून राहिले. त्यामुळे यावेळी त्यांना घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं आम्ही गाडीतच ठरवलं होतं.

दुपारी वारा उत्तरेकडून फिरला. धक्क्यावरच्या कोळंबीच्या बोटींचे दोर वाजायला लागले. आम्ही खिडक्या लावल्या, मग कपाटं उघडून स्वेटर शोधले. आकाश खाडीच्या पाण्यासारखं गढूळ झालं आणि थोड्या वेळानं त्यातून बर्फ पडायला लागला.

सगळी गल्ली बाहेर आली. कोणी नातवंडांचे फोटो काढत होतं, कोणी गाडीच्या टपावरचा बर्फ परातीत भरत होतं. मिस थूईंचा पिवळा कुत्रा बो वेड्यासारखा गोल गोल पळत होता. पापा पायऱ्यांवर हात पुढे करून उभे होते. सगळा जन्म त्यांनी या आखातावर बोटीत काढला होता, वादळं पाहिली होती, पण हे नाही.

"आवाजच नाही याला," ते म्हणाले. "पाऊस येतो तेव्हा सांगून येतो. हे बघ कसं. कधी येऊन बसलं कळतसुद्धा नाही."

अंधार पडायच्या आत वीज गेली. ते घर लाकडी ठोकळ्यांवर उभं आहे, जमिनीखालून वारा वाहतो, आणि शेकोटीची जागा तिथे कुणी कधी बांधलेली नाही. आम्ही चौघं एका खोलीत, घरात होतं नव्हतं ते सगळं पांघरून झोपलो. समुद्रावर न्यायचे टॉवेलसुद्धा.

सकाळी आब्रिलनं पडदा ओढला आणि ओरडली. कुंपण, पिकअप, ताडाच्या झावळ्या, सगळं पांढरं. परसातलं संत्र्याचं झाड फळांनी लगडलेलं होतं आणि प्रत्येक संत्र्यावर बर्फाची टोपी होती. फक्त त्या झाडाखाली गवताचा एक तुकडा हिरवा होता.

मी औषधांच्या दुकानात काम करते. कशावरही विश्वास ठेवण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचायची मला सवय आहे. आधी वाटलं, झाडाच्या आडोशामुळे असेल. पण झाडाच्या दुसऱ्या बाजूला बर्फ घोट्यापर्यंत साचला होता. हा तुकडा लांबट होता, कडा गोलसर. एखादा माणूस कुशीवर झोपला तर मावेल एवढा.

"खालून सांडपाण्याचा नळ गेला असेल," मी म्हटलं.

"नळ पुढच्या बाजूला आहे," रेमिहिओ म्हणाला. "मीच घातलाय पापांबरोबर."

मी वाकून हात लावला. गवत कोरडं होतं. आणि कोमट. उन्हानं तापलेली जमीन असते तसं नाही. कोणी नुकतंच जिथून उठून गेलंय, त्या अंथरुणासारखं.

मी हात पटकन का काढून घेतला, ते तेव्हा कळलं नाही.

रेमिहिओला जायचं होतं. थंडीनं खाडीतली समुद्री कासवं बधिर होऊन पाण्यावर तरंगायला लागतात. ती गोळा करून आणली नाहीत तर मरतात. गावातले सगळे बोटवाले निघाले होते. "दुपारपर्यंत येतो," तो म्हणाला आणि पापांचे रबरी बूट घालून गेला.

थोड्या वेळानं मी पुन्हा खिडकीतून पाहिलं, तेव्हा त्या हिरव्या तुकड्यावर बो मुटकुळं करून झोपला होता. पुढच्या अंगणातून मिस थूईंच्या हाका ऐकू आल्या. मी त्यांना परसात बोलावलं.

"हा बघा, मस्त जागा शोधलीय यानं."

"लबाड कुठला!" त्या हसत पुढे झाल्या. "मी गल्लीभर हिंडतेय आणि हा इथे राजासारखा. ऊठ. ए, ऊठ की."

बो उठला नाही. मिस थूई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी त्याचं डोकं उचललं, सोडलं, ते सैल पडलं. मग मीही बसले, त्याच्या छातीवर हात ठेवला. अंग छान गरम होतं. श्वास नव्हता. तोंड मिटलेलं, डोळे मिटलेले, कुठे काही लागल्याची खूण नाही.

"म्हातारा झाला होता," मी म्हटलं.

"चार वर्षांचा होता गं," मिस थूई म्हणाल्या. त्यांनी अंगातलं जाकीट काढून त्याला गुंडाळलं आणि पोराला न्यावं तसं उचलून नेलं.

आब्रिलला मी झाडाकडे जायचं नाही असं बजावलं. कारण विचारलं तर मला सांगता आलं नसतं. तिनं विचारलं नाही.

घरात बसवत नव्हतं. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. गॅसची शेगडी तेवढी चालू होती. मी तमाले वाफवायला ठेवले आणि हात शेकत उभी राहिले. परसातून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला. पापा त्यांची वेताची खुर्ची बर्फातून झाडाकडे नेत होते.

मी धावत गेले. ते हिरव्या गवतावर खुर्ची टाकून बसले होते. बूट काढून ठेवले होते, मोजेसुद्धा.

"पापा, आत चला. कुत्रा इथेच गेला आत्ता."

"हिवाळ्यात कुत्री मरतात. तू बस की जरा. बघ, पाय ठेव."

"नको."

"अगं पोरी, कालपासून हाडं दुखतायत माझी. इथे एकदम थांबली."

त्यांचा चेहरा सैल पडला होता. मला सासूबाईंची आठवण झाली, आणि वाटलं, हेच असेल यांच्या मनात. मी आवाज मऊ करून विचारलं, "मम्मींची आठवण येतेय का?"

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. "कासिमिरा? कासिमिरा चर्चमागे आहे, मीच मूठमाती दिलीय तिला. ही ती नाही."

"ही म्हणजे कोण?"

"मी विचारलं नाही," पापा म्हणाले. "एवढ्या गारठ्यात कुणी आपल्या शेजारी जागा देतं, तेव्हा नाव विचारत बसू नये."

वारा पडला होता. संत्र्यावरून बर्फाचा एक गोळा सुटून खाली आला. गवतावर पडेपर्यंत त्याचं पाणी झालं होतं.

आतून जळकट वास आला. पातेल्यातलं पाणी आटलं होतं. मी आत पळाले, गॅस बंद केला, पाणी ओतलं, आब्रिलला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुढच्या खोलीत तिची पांघरुणं एका बाजूला सारलेली होती. मागचं दार उघडं होतं.

खुर्ची रिकामी होती.

पापा गवतावर कुशीवर झोपले होते, तोंड झाडाकडे. आब्रिल त्यांच्याकडे तोंड करून झोपली होती. तिनं कोट काढून उशाला घेतला होता. हिरवा तुकडा आता मोठा झाला होता.

ती दोघं एकमेकांना चिकटून नव्हती. मध्ये जागा होती. आब्रिलचा हात त्या मधल्या जागेवरून पलीकडे टाकलेला होता, पण तो गवताला टेकलेला नव्हता. वर होता. कशावर तरी विसावल्यासारखा.

मी तिला खांद्याला धरून ओढलं. ती जड होती, तिच्या वयाच्या मुलीनं असू नये इतकी. मी दोन्ही हात तिच्या काखेत घातले आणि मागे हिसडा दिला. आम्ही दोघी बर्फात पडलो.

"आब्रिल!"

काही नाही.

मी मूठभर बर्फ तिच्या मानेवर चोळला.

तिनं डोळे उघडले आणि रडायला लागली. "इतक्यात का उठवलंस? आम्ही आत्ताच झोपलो होतो."

पापांना मला एकटीनं हलवता आलं नाही. तेवढ्यात रेमिहिओ आला, त्यानं प्रश्न न विचारता त्यांना बगलेला धरलं आणि आम्ही त्यांना पायऱ्यांपर्यंत फरफटत आणलं. तिथे ते जागे झाले. थोडा वेळ संत्र्याकडे पाहत बसले. परत बर्फ पडायला लागला होता, बारीक. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो त्या हिरव्या गवतावर साचत होता.

मी जाऊन हात लावला. जमीन गार होती.

"चला," पापा म्हणाले. "बॅग भरा माझी."

"कुठे जायचं, पापा?" रेमिहिओनं विचारलं.

"तुझ्या घरी. किती वर्षं मागे लागलायस! आता इथे थांबून काय करू?"

रेमिहिओनं माझ्याकडे पाहिलं. त्याला आनंद झाला होता, बिचाऱ्याला. त्याला मी नंतर रस्त्यात सगळं सांगितलं आणि तो म्हणाला की थंडीनं असं होतं, कासवांचंसुद्धा असंच होतं, माणूस गुंगतो. मलाही ते पटवून घ्यायचं होतं.

निघताना मिस थूई कुंपणापाशी आल्या. डोळे सुजलेले होते.

"पुरलं का त्याला?" मी विचारलं.

"खड्डा खणून ठेवलाय सकाळीच." त्या कुजबुजल्या. "पण तो अजून गरम आहे, ग्रासिएला. तूच सांग, कसा पुरू?"

आम्ही निघालो. मागच्या सीटवर पापा एका दाराला आणि आब्रिल दुसऱ्या दाराला चिकटून बसली होती. मध्ये काही सामान नव्हतं.

सान अंतोनिओत पापा चांगले रुळले. खाणंपिणं वाढलं, हाडांची तक्रार बंद झाली, शेजारच्या म्हाताऱ्यांशी पत्ते खेळताना लबाडी करायला लागले. रेमिहिओ म्हणतो, त्या बर्फाचे आभारच मानायला हवेत. त्यांच्या खोलीत मोठा पलंग आहे. ते भिंतीकडच्या कडेला, अंग चोरून झोपतात. रोज सकाळी त्यांची चादर मी बदलते. उरलेल्या बाजूची उशी कोणी वापरत नाही, तिच्यावर चुणी नसते. पण हात ठेवला तर ती बाजूही उबदार लागायची. मी हे रेमिहिओला सांगितलं नाही. पापा बरे होते, आणि मला वाटलं, एवढंच असेल तर असू दे.

गेल्या आठवड्यात पहाटे दव गोठलं, गाडीच्या काचा पांढऱ्या झाल्या. मी चादर काढायला गेले तेव्हा पापा पलंगाच्या कडेला खांद्याभोवती शाल घेऊन बसले होते. मी उशीवर हात ठेवला. गार होती.

"काल कुणी आलंच नाही," पापा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवे झाले.

मी स्वयंपाकघरात आले. आब्रिल न्याहारीला बसली होती, अंगात बिनबाह्यांचा उन्हाळी झगा, गाल लालबुंद, केस कपाळाला घामानं चिकटलेले. मी तिच्यासमोर दूध ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "माझा पलंग लहान पडतो."