पिवळ्या खाचेतली वायर

"कुठे मेलाय तो नेटवर्कवाला? एकदा सापडू दे, त्याच्याच वायरीने त्याला खुर्चीला बांधून ठेवते!"

हे माझी नात बोलली. सकाळी पावणेदहाला, डोळ्यांच्या हॉस्पिटलात, चार नंबरच्या खिडकीतून. छपरावरची सगळी कबुतरं एकदम उडाली, ती अजून परत आलेली नाहीत. रांगेतल्या एका आजोबांना तर त्या आवाजाने ऑपरेशनआधीच स्पष्ट दिसायला लागलं, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते. हॉस्पिटलात तिला 'तोफ' म्हणत, ते काही उगाच नाही.

खिडकीपुढे एक उंच, किडकिडीत माणूस टोकन घेऊन उभा होता. नंबर त्रेसष्ट.

"कुठला डोळा?" तोफेने विचारलं.

"दोन्ही चांगले आहेत."

"मग रांगेत कशाला तडमडलात? मागे लोक ताटकळलेत!"

"दारातला माणूस म्हणाला, काम काहीही असो, टोकन घ्या. म्हणून घेतलं. मी... नेटवर्कवाला."

तोफेचा आवाज एकदम खाली आला. जन्मल्यापासून दुसऱ्यांदा.

"तुम्ही रांगेत उभे होता? किती वेळ?"

"सव्वा तास. माझं काय काय करणार ते सगळं ऐकलं. खुर्चीला बांधा हवं तर... फक्त वायर दुसरी घ्या, ती हॉस्पिटलची आहे."

बोलला आणि हसला. हसायला नको होतं. आमच्या घराण्यात राग आलेला असताना कुणी हसलं की तो राग तिप्पट होतो.

आता तिथलं दुखणं काय, ते सांगते. हॉस्पिटलच्या केसपेपरच्या अकरा खिडक्या, सगळ्या तिच्या देखरेखीखाली. प्रत्येक खिडकीत एक चपटा, पाटीएवढा कॉम्प्युटर. थिन क्लायंट म्हणतात त्याला. त्याच्या पोटात स्वतःचं काही नसतं. सकाळी बटण दाबलं की तळघरातल्या मोठ्या मशीनकडून सगळं मागून घ्यायचं आणि मग उठून बसायचं. पण महिनाभर रोज सकाळी अकरातले चार-पाचच उठत. बाकीच्यांचे पडदे काळे, वर एकच ओळ... सुरुवातीची फाईल सापडत नाही. आणि रोज वेगळेच झोपलेले! आज दोन आणि सात झोपलेल्यांत, उद्या ते जागे आणि तीन, आठ, नऊ झोपलेल्यांत. जे उठले ते मात्र दिवसभर धडधाकट चालत.

नेटवर्कवाला आत आला. काळ्या पडलेल्या सहा नंबरचं बटण बंद करून पुन्हा दाबलं. मशीन शहाण्या मुलासारखं उठून बसलं. मग नऊ नंबर. तोही उठला. मग सगळेच!

"चालू आहेत की," तो म्हणाला.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग सकाळपासून बोंबलत काय होते मी, गंमत म्हणून?"

हे असं तीन आठवडे चाललं. सकाळी साडेसातला मशीनं मेलेली. हा दहाच्या सुमाराला पोचणार आणि बटण दाबलं की सगळी जिवंत. त्याने वायरी बदलल्या, तळघरातलं मशीन उघडून झाडून पुसून ठेवलं, तरी दुसऱ्या दिवशी रडगाणं तेच. रांगेतले लोक, डोळ्याला पट्ट्या, कुणाचा हात धरून आलेले, तासन्‌तास उभे. तोफ हाताने केसपेपर लिहायची आणि तोंडाने त्याचा उद्धार करायची. मोठ्या साहेबांसमोर तिने त्याचा असा पाणउतारा केला, की साहेबांच्या चष्म्याला तडा गेला. अगदी आरपार.

साहेब तिला म्हणाले, "त्याचं राहू द्या. तुमची नोकरी अजून कच्ची आहे. महिनाअखेरीस मला तुमच्याबद्दल लिहायचंय. जिच्या खिडक्याच उघडत नाहीत, तिला मी पक्कं कसं करू?"

त्या दिवशी घरी आली ती भांडी आपटत. सहा वर्षं तात्पुरत्या नोकऱ्या करून कंटाळलेली पोर. ही हातची जाते की काय, या धास्तीने तिचं तोंड एवढंसं झालेलं. पण बोलत होती भलतंच.

"त्या माठाला काही येत नाही, आजी. आज काय म्हणाला माहितेय? तुमचं अक्षर छान आहे! अरे, मशीन चालू कर आधी! आणि चहा पाजला मला. तोही बिनसाखरेचा. मला बिनसाखरेचा लागतो हे त्याला कुणी सांगितलं?"

मी मोजत होते. जेवण होईपर्यंत 'तो माठ' एकोणतीस वेळा आला. तिचा बाबा म्हणाला, "एवढा वाईट आहे तर नाव कशाला काढतेस त्याचं सारखं?" यावर त्याला ताटावरून उठावं लागलं. मी मुकाट जेवत राहिले. मला आपलं सगळं कळतं.

मग एक दिवस त्या माठाच्या डोक्यात उजेड पडला. मी दहाला येतो तेव्हा सगळं ठीक असतं, मग मी सकाळीच का येऊ नये?

सकाळी साडेसहाला तो दारात हजर. तोफही तेव्हाच पोचली होती. हॉल रिकामा, फरशी ओली, फिनाईलचा वास. सफाईवाली मावशी खिडकीच्या कट्ट्यावर फोन टेकवून दूरदेशीच्या लेकाशी बोलत पोछा मारत होती. हा काउंटरच्या मागे जमिनीवरच बसला, मांडीवर लॅपटॉप घेऊन. त्यात बघायला ही शेजारी टेकली. खांद्यात आणि खांद्यात चार बोटांचं अंतर. मी तिथे नव्हते, पण चारच बोटं होती.

"आता सहा नंबरचं बटण दाबा," तो म्हणाला. "हे बघा. मशीन उठलं की ओरडून विचारतं... मी कोण, माझं सामान कुठे? ज्याचं उत्तर पहिलं येईल, त्याच्यावर ते डोळे झाकून विश्वास ठेवतं."

"एवढं भोळं?"

"एवढं भोळं. आणि इथे उत्तरं दोन येतायत! एक माझ्या तळघरातलं. दुसरं... दुसरा कुणीतरी आहे. तो पत्ता देतो, पण सामान त्याच्याकडे नाहीच."

"लफंगा मेला! कोण आहे तो?"

"बघतो. तुम्ही इथे थांबा, बटणं दाबत राहा."

तो वायरीचा माग काढत जुन्या रेकॉर्डच्या कपाटामागे शिरला. पाच मिनिटं आतच. बाहेर आला तेव्हा डोक्यावर कोळ्याचं जाळं आणि चेहरा असा की... काय सांगू. तिचा हात आपसूक त्याच्या केसांकडे गेला. अर्ध्यात थांबला. परत आला.

"सापडला?"

"अं... वायर सैल होती," तो म्हणाला. "बसवली. दाबा बटणं."

अकराच्या अकरा उठली! साडेसातला रांग पळायला लागली. त्या दिवशी लोक इतके भराभर आत गेले, की दोन डॉक्टरांना दम लागला.

चार दिवसांनी साहेबांनी तिला बोलावलं. पुढ्यात नेटवर्कवाल्याचा रिपोर्ट. "तुमचंच खरं होतं. त्याने लिहून दिलंय, तळघरातला सर्व्हर लावण्यात माझीच चूक झाली. एक तारखेपासून त्याच्या जागी दुसरा माणूस येईल. आणि हे तुमचं पत्र. पक्क्या झालात."

तोफ नाचतच बाहेर आली. सगळ्या खिडक्यांना चहा पाजला. मावशीपुढे कप धरला, तर मावशीने घेतलाच नाही.

"काय झालं, मावशी?"

"बाई, त्या पोराला घालवलंत हो तुम्ही."

"मी? त्याने स्वतः कबूल केलंय!"

"कबूल कसलं! कपाटामागे तुमचाच तो वायफायचा डबा आहे ना? मला लेकाशी बोलता यावं म्हणून घरून आणलेला? इथे फोनला रेंज येत नाही, म्हणून तुम्ही बसवून दिलात. मी सकाळी आले की लावते, नऊला वरच्या मजल्यावर जाताना बंद करते. त्या डब्यानेच सगळा घोळ केला होता, मशीनांना ते दुसरं उत्तर तोच द्यायचा. तुम्ही वायर पिवळ्या खाचेत घातली होती, ती निळ्या खाचेत पाहिजे. त्याने काढून नीट लावली. वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी आहे ना, 'हात लावू नये, खिडकी ४', ती वाचत बसला कितीतरी वेळ. आणि मला म्हणाला, मावशी, यांना यातलं काही सांगू नका."

तो डबा आमच्याच माळ्यावरचा. मीच काढून दिला होता. पण माझं जाऊ द्या.

तोफेच्या हातातला कप तसाच राहिला. आधी शरमेने कान तापले. मग तळपायाची आग मस्तकात गेली. जिना ती उतरलीच नाही. तळघरापर्यंत सरळ पडली म्हणा ना!

तो खोक्यात आपली हत्यारं भरत होता. भिंतभर मशीनांचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

"शहाणा समजतोस स्वतःला?"

त्याने वर पाहिलं. सगळं समजला. "मावशीने सांगितलं."

"चूक माझी होती! माझी! तू कोण ती परस्पर उचलून नेणारा?"

"तुमची नोकरी कच्ची होती. मला काय, दुसरीकडे काम मिळेल... वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"बरं? तीन आठवडे मी तुला चारचौघांत वाट्टेल ते बोलले. आणि खरं कळल्यावर तोंडावर सांगायचं सोडून तू माझ्यावर दया केलीस? मी काय डोळ्याला पट्टी बांधून आलेय, हात धरून रस्ता पार करून द्यायला? निदान एकदा ओरडायचंस तरी!"

"ओरडू?"

"हिंमत आहे?"

"ठीक आहे, ओरडतो!" आणि तो मुखदुर्बळ माणूस असा ओरडला, की निम्मे हिरवे दिवे लाल झाले. "तीन आठवडे मी माझ्याच मशीनवर संशय घेतला! जेवण जात नव्हतं, आई विचारायची, आजारी आहेस का! आणि तिथे कपाटामागे तुझा तो डबा, वर तुझं ते सुंदर अक्षर, हात लावू नये! इतका राग आला मला, इतका राग... बाहेर येऊन तुला फाडून खाणार होतो! बाहेर आलो तर तू हात पुढे केलास. आणि मागे घेतलास. झालं! त्यानंतर मला काही बोलताच येईना. मागे का घेतलास? सांग ना! तीन आठवड्यांत एक धड गोष्ट करणार होतीस, तीही अर्धवट सोडलीस!"

दोघं धापा टाकत उभे.

"आणखी एकदा ओरड," ती म्हणाली. हळू.

"का?"

"आत्ता कुठे माणूस वाटलास."

त्याला काय करावं कळेना, म्हणून तो पुन्हा खोकं भरायला लागला. तिने खोकं लाथेने बाजूला सारलं आणि त्याचं मनगट धरलं. "चल."

"कुठे?"

"साहेबांकडे. माझं पत्र परत करायला."

"वेडी आहेस का? सहा वर्षांनी मिळालंय ते तुला!"

"माझ्या बाजूने उभं राहायचंय ना? मग खरं बोलून उभा राहा. नसेल जमत तर खोकं उचल आणि चालता हो."

जमलं. साहेबांच्या टेबलापुढे दोघं शेजारी उभे राहिले, आणि तिने पत्र टेबलावर ठेवून पिवळी खाच, निळी खाच सगळं सांगितलं.

"पण अर्धी चूक माझीही आहे," तो मध्येच म्हणाला. "परक्या डब्याचं उत्तर आत येऊच नये अशी सोय करता येते. ती मी केली नव्हती."

"हे नवीनच," तोफ त्याच्याकडे वळली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू बोलू देतेस कुणाला?"

"साहेबांसमोर मला..."

"बस!" साहेब उठून उभे राहिले. "इथे सगळे एकमेकांवर ढकलतात, आणि तुम्ही दोघं एका चुकीवरून हिसकाहिसकी करताय! हे पत्र मी ठेवून घेतो. आणखी तीन महिने कच्च्या राहा. तोवर त्या हॉलमध्ये एक वायर जरी मला न विचारता लावलीत, तर याद राखा. आणि तुम्ही, एक तारीख विसरा. ती सोय आजच्या आज करा. पाचपर्यंत नवा रिपोर्ट. खरा! दोघांच्या सह्या पाहिजेत."

दुपारभर कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तो रिपोर्ट लिहिला गेला. अक्षर तिचं, मजकूर त्याचा, आणि भांडण दोघांचं. चार ओळींना सात कागद फुकट गेले. 'दोष' लिहून झाला. 'कारण' लिहिताना आवाज इतका चढला, की शेजारची टेबलं रिकामी झाली. 'उपाय'ही लिहून झाला. शेवटचा रकाना राहिला... 'पुन्हा असे होऊ नये म्हणून'.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लिही... खिडकी चार आणि नेटवर्क विभाग यांनी रोज सकाळी भेटावे."

तिचं पेन थांबलं. कान तापले, पण या वेळी शरमेने नाही.

"साहेब वाचणार आहेत हे, मूर्खा."

"वाचू देत."

"रोज?"

"रोज. सात वाजता."

"सातला मावशी काउंटरमागची फरशी पुसते, पाय ठेवू देत नाही," तोफ चिडून म्हणाली, आणि लिहायला लागली. "साडेसहाला ये. आणि उशीर केलास, तर बघ."