टोपलीखालचं पीठ

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण चैत्रालीच्या हौसेला कुणीतरी आवर घालायला हवा होता बघा. ग्वेल्फ शहरापासून तासाभरावर रानात कॉटेज भाड्याने घेतलं, मैत्रीण रुचाला बोलावलं, आणि बेत काय, तर खुनाचा खेळ! एक कंपनी त्यासाठी नट पाठवते. दमलेला इटालियन डिटेक्टिव्ह बनून तो येतो, सगळ्यांना हसवतो आणि खुनी शोधतो. प्रेत व्हायला नवरा होताच. जयदीप खुशीत तयार झाला. आठवडाभर ऑफिसने पिळल्यावर दुपारभर लोळायला कुणाला नको?

चैत्रालीने त्याला हॉलमध्ये चादरीवर झोपवलं, पाय दक्षिणेला. उशाशी दिवा लावला. शेजारी बेकिंग ट्रेमध्ये कणीक पसरली आणि वर कपड्यांची टोपली पालथी घातली. माणूस गेल्यावर आपल्याकडे असंच पीठ झाकून ठेवतात, आणि मग गेलेल्याच्या खुणा त्यात शोधतात.

“अगं अभद्र! जिवंत माणसासाठी?” रुचा म्हणाली.

“खेळच आहे ना,” म्हणून चैत्रालीने हसण्यावारी नेलं. लोकरीच्या मोज्यातला चवडा हलवून प्रेतानेही तिलाच दुजोरा दिला.

बाहेर स्नोने नुसता धुमाकूळ घातला होता. त्यातच डिटेक्टिव्ह आला. लोंबणाऱ्या मिशा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि अंगाला ओल्या मातीचा वास. एवढ्या बर्फातून येऊन बूट मात्र कोरडे. पण तेव्हा ते कोण बघतंय? गडी होता मजेशीर. चिवडा पुरावा म्हणून जप्त केला आणि तिथेच खाऊन टाकला. मग प्रेताशेजारी फतकल मारून त्याने एस्प्रेसो मागितली. जयदीपला कॉफीच्या वासानेही मळमळतं, त्यामुळे बरोबर कॉफी आणलेलीच नव्हती.

“चैतू, चहा पाज त्यांना,” प्रेत म्हणालं, आणि दोघी पोट धरून हसल्या.

चहा उकळत असताना फोन आला. कंपनीची बाई माफी मागत होती. त्यांच्या नटाची गाडी दुपारीच रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली होती, तो काही येऊ शकत नव्हता.

चैत्रालीने चहा तसाच सोडला. ती हॉलच्या दारात आली. खिडक्या बर्फाने बुजत चालल्या होत्या. दिव्याच्या उजेडात तो पाहुणा जयदीपच्या कपाळावर हात ठेवून बसला होता.

“तुम्ही… कोण?”

“दिवा तुम्हीच लावलात ना, मॅडम?” तो हळूच म्हणाला. “लांबून दिसला. वाटलं, जागा रिकामी झाली. फार वर्षं झाली हो… पाठ टेकली नाही.”

त्याने दिव्यावर फुंकर मारली. रुचाने धावत येऊन लाइट लावला, तेव्हा हॉलमध्ये जयदीप एकटाच होता. त्याला घेऊन इथून निघायचं, एवढंच चैत्रालीला सुचलं. दोघींनी बाहेरचं दार ढकललं. बाहेरून बर्फ दाटला होता, दार तसूभर हलेना. मग तो गेला कुठून?

जयदीप सावकाश उठून बसला. चैत्राली त्याच्या गळ्यात पडून रडली. देवा, वाचला माझा माणूस, एवढंच तिच्या मनात होतं. तिच्या धक्क्याने टोपली बाजूला सरकली.

पिठात पाऊल उमटलं होतं. अनवाणी, उजवं, करंगळी नसलेलं. लहानपणी सायकलच्या चाकात जयदीपची करंगळी गेली होती. पाऊल दाराच्या दिशेने होतं.

तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. मोजे तसेच होते, कुठे पिठाचा कणही नव्हता.

“मॅडम,” जयदीपच्या तोंडून थकलेला आवाज आला, “एस्प्रेसो राहिलीच.”

तेवढ्यात दारावर थाप पडली. हलकीच. बाहेर, बर्फाच्या पलीकडून.

“चैतू… दार उघड गं. पाय गारठलेत.”

ती जिवाच्या आकांताने दारावर धडका देऊ लागली. मागे चादरीवर पाठ टेकल्याचा आवाज आला, आणि एक लांब, सुखाचा सुस्कारा.