चाळ बांधून आलेला बाप्पा

"ताय, हा गणपती हलतच नाय!" आदेश ओरडला.

रोह्याच्या सभागृहामागच्या खोलीत सगळ्यांच्या माना वळल्या. पेणच्या कॉलेजचा नाचाचा संघ स्पर्धेसाठी तिथे नटूनथटून बसला होता. नऊवारी नेसून झाल्या होत्या, गजरे माळून झाले होते. फक्त पायात चाळ बांधायचे राहिले होते. आणि चाळ होते गणपतीच्या पोटात!

मुली जाखडी नाचणार होत्या. जाखडी म्हणजे पायात घुंगरांचा चाळ आणि जमीन हादरवणारी पावलं. समोर गणपती हवाच, म्हणून पेणच्या महिपतीदादांच्या गणपतीच्या कारखान्यातून कागदाच्या लगद्याची पोकळ मूर्ती उसनी आणली होती. टेम्पोत चाळ हरवायला नकोत म्हणून संघाच्या प्रमुख प्रणिताने ते मूर्तीच्या आत भरले आणि खालून ओढणीचा बोळा कोंबला. मूर्ती इतकी हलकी होती की प्रणिताच्या भावाने, म्हणजे आदेशने, ती सकाळी एकट्याने टेम्पोत चढवली होती. रोह्यात मात्र टेम्पोवाल्या काळुरामने आणि त्याच्या हमालांनी मूर्ती उतरवून खोलीत ठेवली होती.

संघासोबत आलेल्या उर्वीने गुडघे टेकून मूर्तीच्या खाली हात घातला. "ही खालून बंद आहे! शाडूची आहे ही. आपली नव्हेच!"

प्रणिता मटकन खाली बसली. सोमवारपासून ती धाटावच्या कंपनीत शिफ्टच्या नोकरीला लागणार होती. 'एवढी एक स्पर्धा, मग नाचबिच बंद,' असं घरात ठरलं होतं. ती आदेशचा हात घट्ट धरून म्हणाली, "आज नाय नाचले तर पुन्हा कधीच नाय रे!"

"चोरी! ही सरळ सरळ चोरी आहे!" संघाचे हरेश सर गरजले. उर्वी आणि विराज ही त्यांचीच मुलं. शाळेला गणपतीची सुट्टी लागली म्हणून सोबत आली होती.

"बाबा, हलकी मूर्ती नेऊन बदल्यात जड मूर्ती ठेवणारा चोर कुठे असतो का?" विराज म्हणाला.

"टेम्पोत आणखी कुणाचा गणपती होता?" उर्वीने विचारलं.

सर जरा चाचरले. "होता ना. रोह्यातल्या कुणा काकांचा, घरचा. काळुराम म्हणाला, जाता जाता त्यांच्या दारात उतरवतो."

"बाबा! अदलाबदल झाली!"

"अगं, दोन्ही झाकलेले होते! मला काय ठाऊक?"

सरांचंही खरंच होतं म्हणा. पेणच्या कारखान्यातून मूर्ती निघते ती तोंडावर रुमाल टाकूनच. ही रीत हाडात इतकी मुरलेली, की महिपतीदादांनी नाचाच्या गणपतीलाही रुमाल बांधला होता. आणि झाकलेल्या देवाचा रुमाल उचलून बघायची हिंमत कोण करणार?

काळुरामचा फोन बंद होता आणि महिपतीदादा ऐन गर्दीत फोन उचलत नव्हते. काकांचा पत्ता त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

"बाबा, तुम्ही आयोजकांना थोपवा. आम्ही शोधतो!" उर्वी म्हणाली, आणि ती, विराज नि आदेश धावत सुटले.

पण शोधणार कसं? दुसऱ्या दिवशी चतुर्थी. रोह्यातल्या घराघरांत रुमाल घातलेला गणपती येऊन बसला होता! "काकू, तुमचा गणपती हलका आहे का हो?" असं विचारल्यावर एका बाईंनी विराजला झाडू दाखवला. दुसऱ्या घरातून तर कुत्रंच अंगावर आलं. पाय दुखायला लागले, घसे कोरडे पडले. आदेश एका ओट्यावर बसला आणि रडायलाच लागला.

"रडू नको रे," उर्वी म्हणाली खरी, पण पुढे कुठल्या घरी जायचं ते तिलाही कळत नव्हतं.

तेवढ्यात समोर दूर्वा विकणारी सरूमावशी गिऱ्हाइकाला सांगताना ऐकू आली, "तुला कळला नाय? गोपाळकृष्ण काकांकडं चमत्कार झाला गो! बाप्पा पायात चाळ बांधून आला! उंबऱ्यात छुमछुम वाजला!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुठलं घर, मावशी?"

काकांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी आळी दर्शनाला लोटली होती. काकांच्या पत्नी लतिकाकाकू पेढे वाटत होत्या आणि गोपाळकृष्ण काका छाती फुगवून सांगत होते, "कारखान्यात दोघांना उचलेना! आणि दारात मी एकट्याने उचलला! फुलासारखा!"

"काका, तो आमचा नाचाचा गणपती आहे," उर्वी म्हणाली. "रुमाल काढून एकदा बघा ना!"

"नाचाचा?" काका कडाडले. "रुमाल उद्या पूजेला निघेल! चला, व्हा बाहेर!"

आदेशने त्यांचे पायच धरले. "काका, माझ्या तायचा शेवटचा नाच हाय! पाया पडतो!" पण काका ऐकायला तयार नव्हते. त्यात सरांचा फोन आला, "अगं उर्वी, आपल्याआधी आता एकच संघ उरलाय!"

उर्वीने फोन ठेवला आणि एकदम हात जोडले. "चुकलं आमचं, काका. पण आम्हाला तो चाळांचा आवाज तरी ऐकवा ना!"

"व्हय व्हय! आमाला पन ऐकवा!" आळीकर ओरडले.

काका खूश! त्यांनी मूर्ती अलगद उचलली. छुमछुम! सगळ्यांनी हात जोडले. विराज नमस्काराला खाली वाकला, मूर्तीखालून डोकावणारं ओढणीचं टोक त्याने पकडलं आणि दिला एक हिसका!

छन्न! घुंगरांचे चाळच्या चाळ धबाधबा पाटावर पडले.

"अगो बाय," मागून एक म्हातारी म्हणाली, "बाप्पाला पाय तरी किती?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग... माझा बाप्पा कुठाय?"

"आमच्या खोलीत. पावडरच्या डब्यांशेजारी," विराज म्हणाला.

"अरे देवा! लतिका, गाडीची किल्ली आण!"

सभागृहात हरेश सर रंगमंचावर उभे राहून जाखडीचा इतिहास सांगत होते. श्रोते जांभया देत होते, परीक्षक घड्याळाकडे बघत होते. पडद्याआड प्रणिता अनवाणी उभी होती, रडून रडून काजळ पसरलेली. आदेशने धावत येऊन तिच्या पायात चाळ बांधला. घाईत गाठ दोनदा सुटली.

उर्वी आणि विराजने हलका गणपती रंगमंचावर मांडला, आणि मग मुली नाचल्या! फळ्या दणाणल्या, घुंगरू एका ठेक्यात कडाडले. आपला गणपती न्यायला आलेले काका तो विसरून पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होते.

संघाचा दुसरा नंबर आला. काकांनी तिघांना जवळ घेतलं. "शाबास रे पोरांनो! तुम्ही नसतात तर उद्या मी घुंगरांची पूजा केली असती!"

"आणि मी पोलिसांत तक्रार दिली असती," सर ओशाळून म्हणाले. "माझ्यापेक्षा ही पोरं शहाणी!"

संध्याकाळच्या पेणच्या एसटीत प्रणिताने चाळ काढलेच नाहीत. गाडीला धक्का बसला की ते वाजायचे आणि लोक वळून बघायचे. आदेशला लाजल्यासारखं झालं.

"काढ ना आता, ताय."

"घरी गेल्यावर."

"कोण वाजवतंय गो चाळ?" कंडक्टरने पुढून विचारलं. "नाचणारी हायस काय?"

प्रणिता उठून उभी राहिली. "व्हय. सोमवारपासून धाटावला कंपनीत जाणार हाय. पन नाचणारीच हाय मी!"