सात नंबरचा चरा

कादंबरी लेलेनं रुमालाची गाठ सोडली आणि आतला लोखंडाचा तुकडा टीपॉयवर, चहाच्या कपांच्या मधोमध ठेवला.

चारुदत्तला आधी ती नळाची मोडकी चावी वाटली. मग त्यावर कोरलेला सातचा आकडा दिसला. ते गोल्फच्या स्टिकचं डोकं होतं, दुधी चमकेचं, आणि मान मुळापासून तुटलेली.

"अरुंधतीताई, ही मान माझ्या यंत्रात तुटली," कादंबरी म्हणाली. "आणि तुटायला नको होती."

अरुंधती टिपणीस पनवेलात खासगी तपासाची कामं करायची. चारुदत्त तिचा मावसभाऊ. विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेला आणि तिच्याहून वर्षभरानं मोठा, पण तो मान तिनं त्याला कधी दिला नव्हता. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि तोंडात शंका, एवढं भांडवल घेऊन तो तिच्याबरोबर हिंडायचा.

कादंबरी इंजिनिअर होती. लाइन आळीत तिचं गोल्फच्या स्टिक दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. लोक हसले होते, पण खारघरच्या मैदानावरचे निम्मे खेळाडू आता तिच्याकडेच येत. त्यांतले एक कॅप्टन यशवंत राजे, जहाजावरून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जपानी घडीव आयर्नचा, म्हणजे लोखंडी डोक्यांच्या स्टिकचा, संच होता, हिमेजीजवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं हातानं घासून दिलेला.

"घडीव म्हणजे?" चारुदत्तनं विचारलं.

कादंबरीचा चेहरा इथे पहिल्यांदा उजळला. मऊ पोलादाची कांडी लालबुंद तापवतात, तिनं सांगितलं, आणि साच्यात पुन्हा पुन्हा दाबत नेतात, म्हणजे धातूच्या आतलं सगळं घट्ट बसतं. बाजूला आलेली साय कापून टाकतात आणि मग माणूस दगडी चाकावर एकेक डोकं घासत बसतो, वजन आणि वळण हाताला पटेपर्यंत. शेवटी वर क्रोम चढवतात. दुसरा प्रकार ओतीव. धातू वितळवून साच्यात ओतला की झालं. ओतीव वाईट नसतं, पण त्यातली कडक जात वाकत नाही. घडीव मऊ असतं, खेळणाऱ्याच्या उंचीप्रमाणे त्याची मान वाकवता येते.

मागच्या महिन्यात एक रात्र दुकानात ठेवून घेऊन तिनं कॅप्टनच्या सात नंबरची मान थोडी उभी करून दिली होती. गुळाच्या पाकासारखी वळली, ती म्हणाली. त्यानंतर कॅप्टनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर बदलली, उभं राहणं बदललं. म्हणून काल ते मान पुन्हा थोडी खाली करून घ्यायला आले. तिनं दांडा ओढला आणि कट्‌कन आवाज झाला.

तुटलेला भाग करडा, दाणेदार होता, रव्यासारखा. ओतीव.

"ते माझ्यासमोरच उभे होते. म्हणाले, माझं सात नंबर तू मागच्या वेळी बदललंस. त्याची मापं घ्यायला मी कितीदा तरी मागे लागले होते, हे खरंच आहे. शनिवारी क्लबच्या सभेत ते सगळ्यांना सांगणार आहेत. ताई, माझ्याकडे लोक स्टिक विश्वासानं टाकून जातात. तो गेला की दुकानात काय उरलं?"

अरुंधतीनं डोकं उलटं केलं. तळाला एक खोल चरा होता. चारुदत्तनं त्यावरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही, अलगद घसरलं. चऱ्याच्या आतही तीच दुधी चमक होती.

"चांगलं पॉलिश आहे," तो म्हणाला.

"आहे खरं," अरुंधती म्हणाली आणि चहा संपवायला लागली.

नवीन पनवेलच्या बंगल्यात कॅप्टन राजे काळा चष्मा लावून बसले होते. रागीट माणूस, पण संचाचा विषय काढला की आवाज खाली यायचा. त्यांनी लाकडी पेटी उघडली. म्हाताऱ्या कारागिराच्या भावानं बनवलेली, प्रत्येक डोक्यासाठी त्याच्याच मापाची खोबण कोरलेली. सातची तेवढी रिकामी होती.

"घडीव आयर्ननं चेंडू नीट लागला की हाताला कळतच नाही," कॅप्टन म्हणाले. "फक्त चेंडू गेलेला दिसतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा खेळलो, तर हाताला झिणझिण्या. मला वाटलं, म्हातारा झालो."

अरुंधतीनं तुटलेलं डोकं रिकाम्या खोबणीत ठेवलं. बोटानं हलवून पाहिलं. ते बाजूच्या सहासारखंच गच्च बसलं होतं, तसूभर हललं नाही.

"तळाचा चरा ओळखीचा आहे?"

"माझाच आहे. त्या मुलीच्या दुकानातून स्टिक आणल्यावर रविवारी खेळलो, फटका झाडाखालच्या दगडावर बसला. म्हणजे रविवारी माझ्या हातात नकलीच होतं. बुधवारी ऑपरेशन झालं आणि त्यानंतर महिनाभर बॅग या घरातून हलली नाही."

घरात पुतण्या देवेश राहत होता. त्याच्या खोलीत रबराचे साचे आणि राळेच्या गणपतींची रांग होती. तो उत्साहानं दाखवत सुटला की कुठल्याही वस्तूवर रबर ओतलं की हुबेहूब साचा मिळतो, बोटाचा ठसासुद्धा उमटतो. चारुदत्तनं अरुंधतीकडे सूचक नजरेनं पाहिलं. तिनं एक गणपती विकत घेतला.

घरी येणारे आणखी दोघे होते. बेलपाड्याचा सुरज हा कॅप्टनचा कॅडी, मैदानावर त्यांची स्टिकची बॅग वाहणारा; ती पुसायला तो घरीही यायचा. आणि तळोज्याच्या एमआयडीसीत पंपांच्या व्हॉल्वचा कारखाना असलेले मित्र प्रितेश मोकल. डोळ्यावर पट्टी असताना ते रोज येऊन कॅप्टनना पेपर वाचून दाखवायचे.

सुरज मैदानावर भेटला. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून स्वतःच करून आणलेला डबा खात होता. आळ आपल्यावर येतोय की काय या भीतीनं तो डबा बंद करायला लागला. अरुंधतीनं त्याला आधी जेवू दिलं आणि मग रविवारचं विचारलं.

"सायबांनी मारला न दगडाव बसला," सुरज म्हणाला. "साहेब ज्याम नाराज. सोमवारी मी पुसाया गेलू तं चऱ्यात गंज आलेला. लाल. सायबांनी सोता तेल लावला."

"लाल गंज? नक्की?"

"आमी खोटा कशाला सांगू? क्रोम उडाला की ती स्टिक गंजतेच. खाडीची हवा हाय ना."

परतताना चारुदत्तनं आपला निकाल जाहीर केला. देवेश. साचा त्याच्याकडे, घर त्याचं, बॅग त्याच्या खोलीशेजारी. अरुंधतीनं नुसतं स्कूटर तळोज्याकडे वळवायला सांगितलं.

मोकलांनी त्यांना सगळा कारखाना फिरवून दाखवला. माणूस दिलदार होता, आणि आपल्या कामावर जीव असलेला. वितळलेला धातू साच्यात उतरताना त्याच्या चेहऱ्यावर देवघरातला उजेड पडायचा. घडीवचं लोक उगाच कौतुक करतात, ते म्हणाले, डोळे बांधले तर भल्याभल्यांना फरक कळणार नाही. मात्र कॅप्टनच्या सात नंबरबद्दल ते लगेच हळवे झाले. "ती चीज वेगळीच होती हो," म्हणाले.

मग मोकल फोनवर बोलू लागले. चारुदत्तला स्वस्थ बसवेना. टेबलावर एक लांब स्टीलची पट्टी होती. त्यानं सवयीनं आपली पट्टी तिच्याशेजारी ठेवली. शून्याला शून्य जुळवलं, तर शेवटाला दोघींचं जमेना. मोकलांच्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर केसभर मोठा होता.

"एवढा मोठा कारखानदार," बाहेर आल्यावर तो हसत म्हणाला, "आणि साधी पट्टी धड नाही. व्हॉल्व बसतात कसे कोण जाणे."

अरुंधती फाटकात थांबली. तिनं त्याच्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की त्याला संशय आला.

"चारू," ती म्हणाली, "कधी कधी तू फार मोलाचा माणूस असतोस. उद्या सगळ्यांना कॅप्टनकडे बोलावू या."

शुक्रवारी संध्याकाळी कॅप्टनच्या दिवाणखान्यात सगळे जमले. कादंबरी दाराजवळच्या खुर्चीत आखडून बसली होती. कॅप्टन तिच्याकडे पाहतही नव्हते. मधे ती लाकडी पेटी होती.

"कॅप्टन म्हणतात, रविवारी त्यांच्या हातात नकली स्टिक होती," अरुंधतीनं सुरुवात केली. "तसं असेल तर बदल आधी झाला आणि दोष कादंबरीचा. पण सोमवारी सुरजनं त्या चऱ्यात लाल गंज पाहिला. कॅप्टन, तुम्ही तेल लावलंत?"

"लावलं होतं," कॅप्टन सावकाश म्हणाले.

"आता हे बघा." तिनं तुटलेलं डोकं त्यांच्या हातात दिलं. "चऱ्यात गंज नाही, उलट क्रोम आहे. दगड लागला की क्रोम उडतो, जखमेच्या तळाशी चढत नाही. कडाही बोथट आहेत, चारूचं नख त्यावरून घसरलं. याला दगड लागलेलाच नाही. हा चरा घेऊनच ते जन्माला आलं, आणि क्रोम त्यावर नंतर चढला."

चारुदत्तला आपलंच पॉलिशचं कौतुक आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"म्हणजे नक्कल करणाऱ्यानं चरा पाहिला होता. चरा पडला रविवारी, कादंबरीनं स्टिक परत केल्यानंतर. सोमवारपर्यंत खरं सात नंबर याच घरात होतं. ती यात कुठेही नाही."

कादंबरीनं श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला.

"मग मी, असंच ना?" देवेश म्हणाला. "रबराचे साचे माझ्याकडे आहेत."

"तू केलं असतंस तर ते खोबणीत खुळखुळलं असतं." अरुंधतीनं डोकं सातच्या खोबणीत दाबलं. ते गच्च बसलं. "ओतलेला धातू थंड होताना आटतो. खऱ्यावरून घेतलेल्या साच्यात ओतलं तर नक्कल थोडी लहान होणारच. हे तंतोतंत आहे, म्हणजे करणाऱ्यानं आटण्याचा हिशेब धरून नमुना मोठा बनवला. त्यासाठी ओतकामवाल्यांकडे खास पट्टी असते. तिचा सेंटिमीटर थोडा मोठा असतो."

आता चारुदत्तला कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोजणाऱ्या माणसानं काल एक बरोबर असलेली पट्टी चूक ठरवली होती.

"आणि एक चूक त्याचा धंदाच सांगून गेली," ती म्हणाली. "खेळाडूनं किंवा चोरानं काय केलं असतं? तयार डोकं दगडावर आपटून चरा पाडला असता. हे त्याच्या मनातच आलं नाही. ओतकाम करणाऱ्याला सगळं साच्यातच करायची सवय असते. त्यानं चरासुद्धा मन लावून नमुन्यात कोरला. काय हात आहे, मोकलसाहेब. खरंच."

प्रितेश मोकल खाली मान घालून बसले होते. त्यांनी नाकारलं नाही.

"मला चोरायचं नव्हतं, कॅप्टन," ते म्हणाले. "ते सात नंबर एकदा हातात घेतलं आणि झोप उडाली. वाटलं, माझ्या कारखान्यात असं होईल का? पट्टी होती तुमच्या डोळ्यांवर, तेव्हा नेलं. तुमच्याच दांड्यावर माझं डोकं बसवलं. तुम्ही एकदा खेळाल, फरक कळला नाही म्हणाल, मग हसत खरं परत देणार होतो."

"आणि मला फरक कळला."

"कळला. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. लाज वाटली. मग ती मान तुटली, तुम्ही या मुलीवर आळ घेतला, आणि मी तुमच्याशेजारी बसून चहा प्यायलो." त्यांनी कादंबरीकडे पाहिलं. "तुझी माफी मागायला तोंड नाही मला."

"ती माफी आधी मी मागायला हवी," कॅप्टन म्हणाले. "शनिवारी सभेत मी बोलणार आहेच. काय बोलायचं ते बदललं, एवढंच. प्रितेश, तूही उभा राहशील."

मोकलांनी मान हलवली आणि गाडीतून खरं सात नंबर आणलं. फडक्यात, तेल लावून, लहान मुलासारखं गुंडाळलेलं.

पुढच्या आठवड्यात अरुंधती आणि चारुदत्त लाइन आळीतल्या दुकानात बसले होते. नव्या दांड्यावर बसवलेलं सात नंबर यंत्रात अडकवलेलं होतं. कॅप्टन नेहमीसारखे अगदी जवळ उभे होते. मागच्या महिन्यातली ती एक रात्र सोडली, तर आजवर त्यांनी ती स्टिक कुणाच्याही दुकानात नजरेआड होऊ दिली नव्हती.

कादंबरीनं दांडा धरला. तिचा हात थांबला. मागच्या वेळचा आवाज तिच्या कानात असणार.

कॅप्टननी ते पाहिलं. त्यांनी लाकडी पेटी उचलून तिच्या टेबलावर ठेवली, उरलेल्या सगळ्या स्टिकसकट, आणि चष्मा सारखा केला.

"सगळ्यांचीच मापं घे तू. कधीची मागत होतीस," ते म्हणाले. "किती दिवस लागतील ते लागू देत. मी चहा घेऊन घरी जातो."

ते खरंच गेले. वळूनही पाहिलं नाही.

कादंबरीनं डोळे पुसले, दांडा पुन्हा धरला आणि सावकाश ओढला. मान वळली, आणि चारुदत्तला कुठलाच आवाज ऐकू आला नाही.