म्हातारीचं वजन

विमानंही म्हातारपणी अंग धरतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. रंगावर रंग चढतो, ठिगळावर ठिगळ बसतं, फटीफटीत धूळ साचते आणि विमान बघता बघता जड होतं. म्हणून अधूनमधून त्याचं वजन करावं लागतं. हे काम मिस्त्रीच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्या दुपारी हँगरचे दरवाजे ओढून घेताना त्याच्या डोक्यात दुसराच विषय होता. त्याची पोटुशी लेक उद्या याच विमानानं शहरात नवऱ्याकडे जाणार होती. बाळंतपण तिकडच्या मोठ्या इस्पितळात व्हायचं होतं. मालकानं मोठ्या मनानं मागची एक जागा फुकट दिली होती.

विमान दोन इंजिनांचं, पहिल्या पिढीतलं. सगळे त्याला म्हातारी म्हणत. तरुणपणी तिनं बड्या लोकांची ने-आण केली. तेव्हा खिडक्यांना मखमली पडदे होते, खाली गालिचा होता आणि पांढरे हातमोजे घातलेला नोकर चहा आणून द्यायचा. मग लढाई आली, आणि त्याच गालिच्यावर जखमी शिपाई आडवे झाले. त्यातले काही पोचेपर्यंत टिकले नाहीत. उतरत्या वयात या मालकानं तिला भंगाराच्या भावात उचललं आणि माणसं, टपाल, कोंबड्यांची खुराडी, मिळेल ते भरून उडवायला सुरुवात केली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस तो, त्याला म्हातारीची कसली दया!

वारा लागला तर वजन चुकतं, म्हणून हँगर बंद ठेवलेला. आत तापलेल्या पत्र्याचा आणि जुन्या तेलाचा वास. पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक वजनकाटा होता, तिसरा उचलून धरलेल्या शेपटीखाली. मिस्त्रीनं तिन्ही सुया पाहिल्या, मनात बेरीज केली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हातारी भलतीच जड भरत होती. रंगानं आणि धुळीनं एवढं होत नाही. तो आत चढला. जागांखाली, गालिच्याखाली, मागच्या सामानाच्या खोपच्यात हात घालून आला. काही नव्हतं. खाली उतरून त्यानं दार लावलं, कडी घातली.

तेव्हा शेपटीखालची सुई हलली.

थोडी खाली आली. थांबली. पुन्हा खाली आली. आणि त्याच ठेक्यात पुढच्या चाकांच्या सुया चढू लागल्या. मिस्त्रीची हयात या कामात गेली होती, सुया अशा केव्हा हलतात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आतून कुणीतरी मागच्या जागेवरून पुढे चाललं होतं. दमत दमत, मध्ये टेकत.

"कोण आहे आत?"

सुया थांबल्या. बाहेर उन्हानं एक पत्रा कडकन वाजला. आणि मिस्त्रीला ती बाई आठवली.

मागच्या उन्हाळ्यात, दूरच्या माळावरच्या धावपट्टीवर एक आजारी बाई चढली होती. इस्पितळात चालली होती बिचारी. प्रवाशांचं वजन करताना तिचा हाडांचा सापळा पाहून मिस्त्रीनं थट्टा केली, "बाई, तुम्हाला तिकीट कशाला? वाऱ्यावर सोडलं तरी पोचाल." सगळे हसले. तीही हसली. मग ऐनवेळी मालकाची एक जड पेटी आली, आणि बाईला शेवटच्या जागेवरून दंडाला धरून मिस्त्रीनंच उतरवलं. "दुसऱ्या फेरीत नेतो. इथंच बसा." दुसरी फेरी मालकानं रद्द केली. गुराख्याला ती सापडली तेव्हाही ती तिथंच बसलेली होती. जीव तेवढा नव्हता.

"बाई...?" मिस्त्री पुटपुटला. "तुम्ही... आहात का?"

पुढच्या सुया उतरू लागल्या, शेपटीखालची चढू लागली. विमानाचं दार मागच्या बाजूला होतं, आणि दाराशी तो उभा होता. तो हातातलं काम टाकून पळत सुटला.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. विश्वास कोण ठेवणार, वर नोकरी जायची. सकाळी त्यानं प्रवाशांना नेहमीसारखं एकेक करून वजनकाट्यावर उभं केलं, लेकीलाही केलं. ती शिडी चढून आत गेली, शेवटच्या जागेवर बसली आणि खिडकीतून त्याला हात करू लागली. ते मात्र त्याला बघवेना. तो धावत मालकाकडे गेला.

"साहेब, म्हातारी जड आहे. एका माणसाएवढी."

"मग एक माणूस काढ," मालक म्हणाला. "पण तिकीटवाल्याला हात लावायचा नाही. फुकटं कोण आहे? तुझीच पोरगी ना? तिला उतरव."

आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रीला, लेक वाचली म्हणून, मालकाचे पाय धरावेसे वाटले. म्हातारी आज कुठल्यातरी डोंगरावर आपटणार, याची त्याला खात्री होती. तरी तो फक्त लेकीला उतरवायला शिडी चढून गेला. आत पुढच्या जागेवर एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "मिस्त्री, काही बिघडलंय का हो?"

"छे! एकदम ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि लेकीचा हात धरला. "चल, उतर."

"अहो बाबा, पण ते तिकडे वाट बघत असतील!"

"उतर म्हणतो ना!"

ती रडवेली होऊन त्याच्या मागोमाग उतरली. ती जमिनीवर आली तरी शिडीच्या पायऱ्या तिच्यामागून एकेक दबल्यासारख्या त्याला वाटल्या. पण तो शिडी ओढायच्या घाईत होता.

म्हातारी धावली. अर्धी धावपट्टी संपायच्या आत ती अशी अलगद उचलली गेली, की वैमानिकानं खुशीत येऊन खिडकीतून टोपी हलवली. कित्येक वर्षांत ती अशी उडाली नव्हती. मिस्त्री मान वर करून बघत राहिला. एवढी हलकी?

"बाबा, थांबा जरा," लेक मागून म्हणाली. "पाय उचलत नाहीत माझे..."

तो वळला. बसायला जवळ काही नव्हतं म्हणून ती प्रवाशांच्या वजनकाट्यावर चढून त्याच्या कठड्याला टेकली होती. सुई सकाळच्या आकड्यावर आली, तो ओलांडून पुढे गेली, आणि खूप पुढे जाऊन थांबली.

"उतर," मिस्त्री म्हणाला. "बाळा... खाली उतर."

"आत्ता कुठं टेकलेय, बाबा..."

"उतर!"

ती उतरली. सुई तिथंच राहू दे, एवढंच मिस्त्री मागत होता. जे काही आहे ते काट्यावर उभं राहू दे, हवं तर माझ्याकडे बघत उभं राहू दे.

सुई झरकन शून्यावर आली.

लेक दम खात घराच्या वाटेला लागली. मिस्त्री तिच्या मागून निघाला, चार हात अंतर ठेवून. तिनं आधारासाठी हात मागे केला, तेव्हा त्यानं तो पाहिलाच नाही असं दाखवलं.